इंद्रायणीच्या महाशीरची तवारीख

'महाशीर' हा शब्द कुठून आला, यावर दोन भाषांत जुना वाद आहे. संस्कृतकडे झुकणारे त्याची फोड 'महा' आणि 'शिर' अशी करतात, म्हणजे मोठ्या डोक्याचा मासा. फारसीकडे झुकणारे म्हणतात, 'माही' म्हणजे मासा आणि 'शेर' म्हणजे वाघ, पाण्यातला वाघ. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. त्यामुळे या वादात बाजू घेण्याची मला गरज वाटत नाही. दख्खनमध्ये दोन्ही घरांनी आपला म्हणावा असे शेकडो शब्द आहेत. त्यात हा आणखी एक.

फारसी 'माही' पुण्याला तसा अनोळखी नाही. १७९२ साली महादजी शिंदे दिल्लीच्या शाह आलम बादशहाकडून सवाई माधवराव पेशव्यांसाठी वकील-ए-मुतलकीचा मान घेऊन आले. त्या बादशाही मानचिन्हांत 'माही-मरातिब' म्हणजे माशाचे निशाणही होते. मासा तेव्हा सत्तेचे चिन्ह म्हणून पुण्यात मिरवला गेला. खरा मासा मात्र शहरापासून काही कोसांवर मावळातल्या डोहांत निवांत फिरत होता, आणि त्याच्याकडे दरबाराचे लक्ष जाण्याचे कारण नव्हते.

या लेखात त्या खऱ्या माशाची हकीकत सांगायची आहे. ती बखरीत सापडत नाही. शास्त्रज्ञांच्या शोधनिबंधांत, धरणांच्या तारखांत आणि कोळी-भोई समाजाने ठेवलेल्या नावांत ती विखुरलेली आहे.

सुदुंबरे आणि लिहून ठेवणारे

देहूपासून जवळच मावळ तालुक्यात सुदुंबरे आहे. सुधा नदी या भागातून वाहत पुढे इंद्रायणीला मिळते. आज बाहेरच्या लोकांना हे गाव राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या पाचव्या बटालियनमुळे माहीत असते. पूर आला, इमारत कोसळली की बातमीत सुदुंबऱ्याचे नाव येते. पण गावाची जुनी ओळख संत संताजी महाराज जगनाडे यांच्या समाधीची आहे. संताजी चाकणचे, तेली समाजातले, तुकोबांच्या टाळकऱ्यांपैकी एक. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे म्हणून त्यांना महाराष्ट्र ओळखतो. गाथा इंद्रायणीत बुडवली गेली, ही कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. अभंग पुढे टिकले यात लोकांच्या पाठांतराचा जितका वाटा, तितकाच संताजींसारख्या लिहून ठेवणाऱ्यांचा.

एखादी गोष्ट टिकायची तर ती कुणीतरी लिहून ठेवावी लागते. नदीच्या बाबतीतही हे खरे आहे. इंद्रायणी, भीमा, मुळा-मुठा यांत पूर्वी काय होते, हे आज आपण सांगू शकतो, कारण सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने इथले मासे नावानिशी कागदावर उतरवले.

सायक्सचे कान

तो माणूस म्हणजे कर्नल विल्यम हेन्री सायक्स. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारने १८२४ साली त्याला दख्खनचा सांख्यिकी अधिकारी नेमले. जमीन, पिके, लोकसंख्या, हवामान यांची मोजदाद करणे हे त्याचे काम. नव्याने जिंकलेल्या मुलुखातून महसूल किती निघेल, हा त्यामागचा सरकारी हिशेब होता आणि तो विसरून चालणार नाही. पण सायक्सला पक्षी, प्राणी आणि मासे यांचाही नाद होता. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीपुढे मांडला गेला. त्याचा सारांश १८३९ मध्ये आणि सचित्र निबंध १८४१ मध्ये छापून आला. चाळीसहून अधिक जाती त्यात आहेत आणि त्यातल्या बहुतेक विज्ञानाला नव्या होत्या.

भाषेच्या शिक्षकाला या निबंधात सर्वांत आधी दिसतात ती नावे. काही माशांना सायक्सने लंडनच्या विद्वान मित्रांची नावे दिली. यॅरेल, व्हिगर्स, चिल्ड्रन ही त्यातली. उरलेल्या बऱ्याच माशांना मात्र त्याने इथल्या लोकांनी दिलेलीच नावे लॅटिनच्या रांगेत बसवली. खुद्री, कोळस, मल्या, ताकरी, बोगट, मुसुल्ला. इंग्रजी कानाने ऐकलेली आणि इंग्रजी हाताने लिहिलेली ही मराठी नावे आजही जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत तशीच आहेत. दख्खनच्या महाशीरचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' आहे. पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत सायक्सला तो मिळाला होता. टोकियोतला किंवा लंडनचा संशोधक या माशाबद्दल बोलतो, तेव्हा नकळत एक मराठी शब्द उच्चारत असतो.

'मुसुल्ला' हे नाव वाचून माझ्यासारख्याचे मन साहजिकच जानमाजकडे, म्हणजे नमाजाच्या मुसल्ल्याकडे धावते. पण नुसत्या उच्चाराच्या सारखेपणावर इतिहास उभा करू नये. सायक्सच्या यादीत ते इथल्या लोकांच्या तोंडचे नाव म्हणून आले आहे, इतके पुरे. या नावाची गोष्ट पुढे वेगळ्याच कारणाने येणार आहे.

ही नावे सायक्सला कुणी सांगितली? जाळे टाकणाऱ्यांनी. निबंधावर नाव सायक्सचे आहे. ज्यांनी मासा पकडून दाखवला, त्याचे नाव सांगितले, तो कुठल्या डोहात सापडतो ते सांगितले, त्यांची नावे कुठेच नाहीत. फक्त त्यांचे शब्द राहिले आहेत.

पूर्वेचे पाणी पश्चिमेला

इंद्रायणी लोणावळ्याच्या डोंगरात उगम पावते. कामशेत, तळेगाव, देहू, आळंदी असा प्रवास करत तुळापूरला भीमेला मिळते. भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. सह्याद्रीच्या कड्यापासून हाकेच्या अंतरावर पडलेला पाऊस अशा रीतीने अख्खा दख्खन ओलांडून पूर्वेला जात होता.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यात बदल झाला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. लोणावळ्याला १९११ साली वळवणच्या धरणाच्या कामाची पायाभरणी झाली आणि १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीचे वीजघर सुरू झाले. मावळात अडवलेले पाणी पाचशे मीटरच्या आसपास खाली कोकणात सोडायचे आणि त्या जोरावर वीज तयार करायची, अशी ही योजना. तिच्या मागोमाग आंदर मावळात ठोकळवाडी आणि मग मुळशी. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. तो आपल्या पाठ्यपुस्तकांत आहे, मुलांना तो शिकवताना मी दर वेळी थोडा जास्त वेळ घेतो. शेतकऱ्याची जमीन गेली, त्याने आवाज उठवला. माशाची वाट बंद झाली, तो आवाज कुणाला ऐकू येणार?

महाशीरला वाट लागते, हे समजून घेतले पाहिजे. हा वाहत्या, थंड, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातला मासा. पावसाळ्यात नदी भरली की तो प्रवाहाच्या उलट वर चढतो आणि गोटे-वाळूच्या स्वच्छ तळावर अंडी घालतो. कटला-रोहूसारखी तो एका दमात लाखो अंडी टाकत नाही. त्याची अंडी मोठी, संख्येने कमी, आणि मादी ती टप्प्याटप्प्याने घालते. अंडी तळाशी बसतात. त्यांच्यावर गाळ साचला तर ती गुदमरतात. उन्हाळ्यात नदी आटली की मोठे मासे खोल डोहांत आसरा घेतात. म्हणजे या एका माशाला नदीचे तीन अवयव शाबूत लागतात. चढायला मोकळी वाट, अंड्यांसाठी गोट्यांचा स्वच्छ तळ आणि उन्हाळा काढायला डोह. धरणाने वाट अडवली, वाळूउपशाने तळ उकरला, सांडपाण्याने डोह नासवले. यातली एकही गोष्ट माशाला मारण्यासाठी केलेली नव्हती.

कुलकर्णी आणि ओगले

आता या तवारीखेतले मुख्य पात्र. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी हे मत्स्यशास्त्रज्ञ, महाराष्ट्राचे मत्स्यव्यवसाय संचालक. १९४० साली त्यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरच्या एका चिमुकल्या पारदर्शक माशाचे वर्णन केले आणि त्याला 'होराइक्थिस सेटनाई' हे नाव दिले. त्यात सुंदरलाल होरा आणि सेटना या दोन ज्येष्ठांचा मान राखला होता. १९५२ मध्ये त्यांनी कृष्णेच्या खोऱ्यातला दुसरा एक मासा विज्ञानापुढे आणला. हा मासा इतर माशांचे खवले खातो. कुलकर्णींनी त्याचे शास्त्रीय नावच 'खवलचोर' ठेवले. सायक्सने मराठी नावे ऐकून लिहिली होती. कुलकर्णींनी शतकभरानंतर पूर्ण जाणीवपूर्वक एक मराठी नाव विज्ञानाला दिले. शिक्षक म्हणून मला या दोन कृतींतला फरक फार मोलाचा वाटतो.

१९७० साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात, ज्याच्याशी सालिम अलींचे नाव आयुष्यभर जोडलेले होते, कुलकर्णींचा खुद्रीची वीण, अंडी आणि पिल्लांची वाढ यांवरचा निबंध आला. याच सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने आपल्या तलावांत महाशीर जोपासण्याचे काम हाती घेतले. एस. एन. ओगले यांनी ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. कुलकर्णी आणि ओगले यांनी मिळून खुद्रीची कृत्रिम वीण जमवली. पद्धत ऐकायला सोपी वाटते. पावसाळ्यात तलावातून पिकलेली मादी आणि नर पकडायचे, हलक्या हाताने पोट दाबून अंडी आणि रेत काढायचे, दोन्ही एकत्र करून अंडी वाहत्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवायची. तीनेक दिवसांत पिल्ले बाहेर येतात. प्रत्यक्षात पाण्याचे तापमान, प्रवाह, मादीची नेमकी वेळ यांतले काहीही चुकले तर सगळा हंगाम वाया जातो.

त्यांचा आणखी एक शोध मला विशेष आवडतो. १९७९ साली त्यांनी दाखवून दिले की महाशीरची फलित अंडी ओल्या कापसात गुंडाळून विमानाने दूर पाठवता येतात. पिशव्या भरभरून पाणी नको, ऑक्सिजन नको. ओला कापूस पुरतो. या युक्तीने खुद्रीच्या प्रवासाला मोठीच सोय झाली. लोणावळ्याची पिल्ले पुढे देशातल्या कितीतरी नद्या-तलावांत पोचली. ज्या धरणांनी माशाची वाट अडवली, त्याच धरणांच्या काठी त्याचा वंश वाढवण्याचे काम झाले, हे या इतिहासातले विचित्र सत्य आहे. ते सांगताना कुणाला एकतर्फी शाबासकी किंवा एकतर्फी दोष देऊन भागत नाही.

२०२० मध्ये आयुसीएन या जागतिक संस्थेच्या लाल यादीत खुद्रीचा वर्ग बदलला. आधी 'धोक्यात' असलेला हा मासा 'किमान चिंता' या वर्गात आला. वर्तमानपत्रांनी लोणावळ्याच्या पन्नास वर्षांच्या कामाचे कौतुक केले. ते योग्यच होते.

कावेरीतला दुसरा मासा

पण गोष्ट इथे संपत नाही. खुद्रीची पिल्ले जिथे सोडली गेली त्यांत कर्नाटक-तामिळनाडूची कावेरीही होती. कावेरीत तिचा स्वतःचा महाशीर होता. पाठीवर उंचवटा असलेला, नारिंगी परांचा, आकाराने जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. इंग्रज शिकाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकापासून त्याच्या गोष्टी लिहिल्या. तरी या माशाला पक्के शास्त्रीय नाव नव्हते. बराच काळ त्याला 'मुसुल्ला' म्हटले जाई, म्हणजे सायक्सने दख्खनमध्ये नोंदवलेला तोच मासा. २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले की सायक्सचा मुसुल्ला हा महाशीरच नव्हे. तो कोळसच्या कुळातला वेगळा मासा. म्हणजे कावेरीचा हा दिग्गज इतकी वर्षे दुसऱ्याच्या नावाने वावरत होता.

नावाच्या या घोळाची किंमत मोठी होती. ज्याला नाव नाही, त्याची लाल यादीत नोंद होत नाही. ज्याची नोंद नाही, त्याच्या संरक्षणासाठी कुणी बोलू शकत नाही. दरम्यान कावेरीत बाहेरून आलेला खुद्री वाढत गेला आणि मूळचा महाशीर दिसेनासा होत गेला. २०१८ मध्ये एका संशोधक गटाने सिद्ध केले की हा मासा म्हणजे केरळातल्या पांबार नदीतून आधीच वर्णन झालेला 'टॉर रेमादेवी'. त्या गटात एड्रियन पिंडर आणि राजीव राघवन यांच्याबरोबर पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. नाव मिळाले, आणि त्याच वर्षी त्याची नोंद थेट 'अतिसंकटग्रस्त' वर्गात झाली.

लोणावळ्याच्या शास्त्रज्ञांनी हे मुद्दाम केले असे कुणी म्हणणार नाही. त्या काळात मासे सोडणे म्हणजेच संवर्धन, अशी सर्वत्र समजूत होती. पण एका नदीचा वाचलेला मासा दुसऱ्या नदीत पाहुणा न राहता मालक होतो, हे आज आपल्याला कळले आहे. मासा वाचवणे आणि त्याची नदी वाचवणे यांत फरक आहे, हा धडा आपल्याला कावेरीने दिला.

आपल्या इंद्रायणीचा हिशेब

मग खुद्रीच्या स्वतःच्या घरचे काय? २०१२ मध्ये नीलेश डहाणूकर, मंदार पैंगणकर, रूपेश राऊत आणि संजय खरात यांचा इंद्रायणीतल्या माशांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या नदीत त्यांना पन्नासहून अधिक जाती आढळल्या. त्यांतल्या काही फक्त पश्चिम घाटात सापडणाऱ्या. ही संख्या वाचून मी चकित झालो. आळंदीला फेसाळणारे पाणी पाहून आपण ही नदी मेली असे धरून चालतो. वरच्या मावळात ती अजून जिवंत होती.

पण याच मंडळींनी पुण्याच्या नद्यांचा जो जुना-नवा ताळा मांडला, तो सुखावणारा नाही. फ्रेझर यांनी १९४२ मध्ये पुण्याच्या माशांची नोंद केली होती. त्या यादीशी २००३ च्या सुमाराची यादी जुळवली तर मुळा-मुठेतून कितीतरी देशी मासे कमी झालेले दिसतात आणि बाहेरून आणलेले मासे वाढलेले दिसतात. बाजारात आज आपण घेतो तो कटला आणि रोहू मुळात गंगेच्या खोऱ्यातला. चिलापी तर आफ्रिकेतली. माझ्या वर्गातल्या मुलांना नदीतल्या माशांची नावे विचारली तर ती हीच तीन सांगतात. मरळ आणि वाम एखाद्याला माहीत असतात. खुद्री, कोळस, मल्या ही नावे एकाही मुलाच्या तोंडून मी ऐकलेली नाहीत. जी मराठी नावे लंडनच्या ग्रंथात सुरक्षित आहेत, ती इंद्रायणीच्या काठावर हरवत चालली आहेत.

डोह आणि दर्गे

शास्त्रज्ञांच्या आधीही लोकांनी मासे राखले होते, हे इथे सांगितले पाहिजे. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड आहे. तिथे वरदायिनी देवीच्या डोहात महाशीर निर्धास्त फिरतात, कुणी त्यांना पकडत नाही. वाडा तालुक्यातल्या तिळसे इथे वैतरणेच्या काठी असाच डोह आहे. देहू-आळंदीच्या घाटाजवळ मासेमारी न करण्याची प्रथाही जुनी आहे. सॅनड्रॅप संस्थेच्या परिणीता दांडेकर यांनी अशा लोकांनी राखलेल्या डोहांवर अभ्यासपूर्वक लिहिले आहे.

ही रीत एका धर्मापुरती नाही. बांगलादेशात चितगावला बायजीद बोस्तामी यांच्या नावाची दर्गाह आहे. तिथल्या तळ्यात काळी, मऊ पाठीची कासवे आहेत. जायरीन त्यांना खाऊ घालतात. २००२ साली ही जात निसर्गातून नामशेष झाल्याची नोंद झाली होती. दर्ग्याच्या श्रद्धेने त्यांना त्या तळ्यात जिवंत ठेवले. पुढे ती आसामातही आढळली आणि तिथे मंदिरांच्या तळ्यांनी तिला सांभाळल्याचे दिसून आले. दर्गाह आणि मंदिर यांनी न ठरवता एकाच प्राण्याला आसरा दिला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. आजकाल अशा नोंदी कमी वाचायला मिळतात.

पण श्रद्धेलाही मर्यादा आहे. डोहात जाळे टाकायचे नाही, एवढे श्रद्धा सांगू शकते. वरून येणारे लोणावळ्याचे, तळेगावचे, कारखान्यांचे सांडपाणी ती अडवू शकत नाही. देहूच्या पवित्र पाण्यातही मेलेल्या माशांचा खच तरंगल्याच्या बातम्या अलीकडे आल्या, त्याचे कारण हेच.

पुढे काय

इंद्रायणी सुधारण्याच्या योजनांची चर्चा आपण बरीच वर्षे ऐकतो आहोत. काठावर घाट, भिंती, बाग, दिवे अशी चित्रे त्यात असतात. माणसाला बसायला जागा हवी, त्याला माझी हरकत नाही. पण सुधारणा कुणासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. काठ सिमेंटने बांधला तर उंबर, जांभूळ, करंज यांची मुळे कुठे जाणार? पाण्यात पडणारी फळे महाशीर खातो. तळ सपाट केला तर डोह कुठे राहणार? वाळू उपसली तर अंडी कशावर टिकणार?

कुलकर्णी-ओगले यांच्या कामापासून कावेरीपर्यंत, आणि २०१२ च्या अभ्यासापासून वाळणकोंडापर्यंतचा सगळा इतिहास एकच गोष्ट सांगतो. पिल्ले सोडण्याआधी घर दुरुस्त करा. सांडपाणी प्रक्रिया करूनच नदीत सोडा. धरणांतून उन्हाळ्यात थोडे तरी पाणी वाहते ठेवा. सुधा, आंद्रा, कुंडलीसारख्या छोट्या नद्यांना मोकळे ठेवा, कारण वीण तिथे होते. उरलेले डोह नावानिशी नकाशावर घ्या. आणि या कामात भोई-कोळी समाजाला मजूर म्हणून नको, जाणकार म्हणून बोलवा. सायक्सने त्यांचे शब्द घेतले आणि त्यांची नावे मागे सोडली. दोनशे वर्षांनी तरी ती उधारी फेडायला हवी.

वाचकांना माझी एक साधी विनंती आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात किंवा गावात नदीवर जाळे टाकलेले कुणी बुजुर्ग असतील, तर त्यांच्याजवळ बसा. माशांची नावे विचारा, कुठल्या डोहात काय मिळायचे ते विचारा आणि वहीत उतरवून घ्या. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, दखनीत लिहा. उद्या एखादा संशोधक इंद्रायणीत कोळस किंवा खवलचोर शोधायला उतरेल, तेव्हा कुठे शोधायचे हे त्याला तुमच्या वहीतून कळेल.